दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब

पावसाळ्यात जांघेत, काखेत किंवा कंबरेला नाडीखाली गोल चट्टा उठतो. कडा लालसर नि उंचावलेली, मध्ये बरीचशी साफ कातडी, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. जागा अशी की दाखवायची लाज. मग माणूस मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात "गजकर्णावर काहीतरी द्या" म्हणतो. चिठ्ठी कुणी मागत नाही, १५ ग्रॅमची ट्यूब पुढ्यात येते. दोन दिवसांत खाज बंद, आठवड्यात लाली गायब. फसवणूक झाली ती इथेच, पण गिऱ्हाईक खूश असतं, म्हणून महिनोन्‌महिने ती कळत नाही.

ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचला तर बहुतेक वेळा एका मलमात तीन-चार औषधं कोंबलेली दिसतात: बुरशीवरचं एखादं, जंतूंवरचं निओमायसिन, जेंटामायसिन किंवा ऑफ्लोक्सासिन, आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के. गजकर्ण बुरशीमुळे होतं, जंतूंवरच्या औषधांचा तिच्यावर काडीचाही परिणाम नाही. निओमायसिनची तर अनेकांना ॲलर्जीच येते. खरी जादू क्लोबेटासोलची. हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड आहे. लाली आणि खाज मुख्यतः बुरशीशी झुंजणाऱ्या शरीरामुळे येते. स्टेरॉइड ती झुंजच दाबून टाकतं. वरून सगळं शांत, आणि बुरशीला मोकळं रान.

ट्यूब संपली की चार-आठ दिवसांत खाज दुपटीने उसळते. माणसाला वाटतं, औषध चांगलं होतं, मीच लवकर थांबवलं. दुसरी ट्यूब येते, मग तिसरी. चट्ट्याची स्पष्ट कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उठतात, पुढे ते गजकर्ण वाटतही नाही. या वेष बदललेल्या रूपाला त्वचारोगतज्ज्ञ 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात. एव्हाना घरातल्या दोघा-तिघांनाही लागण झालेली असते. जांघेतली नि काखेतली कातडी मुळातच पातळ, तिथे स्टेरॉइड जास्त मुरतं. मांडीच्या आतल्या बाजूला लाल-जांभळे पट्टे पडतात, ते पुढे पांढरे होतात आणि जन्मभर राहतात. क्लोबेटासोल योग्य आजारातही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावायचं नसतं. इथे लोक ते वर्षभर लावतात.

नावांचा घोळ या धंद्याच्या पथ्यावर पडतो. क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं साधं, उत्तम औषध. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड. घाईत ऐकलं तर एकसारखंच. म्हणून घटकांच्या यादीत 'बेटासोल' किंवा शेवटी 'सोन' (बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन) दिसलं की ट्यूब तिथेच परत करा. क्लोट्रिमाझोल, ल्युलिकोनाझोल, सर्टाकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची. ऑर्निडाझोलच्या शेवटीही 'झोल' आहे, पण ते बुरशीचं नाही. घटकच न छापलेल्या 'शंभर टक्के हर्बल' डबीने दोन दिवसांत खाज थांबली, तर संशय आणखी बळकट करावा.

मार्च २०१८मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. काउंटरवर मात्र 'भाऊ, ही लावा' चालूच आहे.

आता नीट उपचार. आधी निदान: चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. तासाभराचंही काम नाही. मलम एकाच घटकाचं घ्या आणि चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, बाहेरून आत लावा. प्रमाणात बहुतेक जण चुकतात. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम म्हणजे अर्धा ग्रॅम, ते बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चट्टे मिळून चार तळव्यांएवढे असतील आणि दिवसातून दोनदा लावायचं असेल, तर रोज दोन ग्रॅम लागतात. १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही जेमतेम पुरते. ती महिनाभर पुरवली तर बरं होणार कसं? चट्टा गेल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं.

स्टेरॉइड थांबवल्यावर खाज उसळणारच, ते आधीच माहीत असू द्या, नाहीतर हात पुन्हा जुन्या ट्यूबकडे जातो. त्या दिवसांसाठी डॉक्टर खाजेची गोळी देतात. चेहऱ्यावर किंवा अनेक महिने लावलं असेल, तर त्यांना विचारूनच थांबवा.

जंतुनाशक द्रव पाणी न घालता चोळणं ही दुसरी चूक. त्याने कातडी भाजते, बुरशी राहते. लसूण, लिंबू, रॉकेलचंही तेच.

चट्टे पसरलेले असतील तर पोटातून गोळ्या लागतात. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, कारण ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. सोबत पित्ताची गोळी घेतली तर औषध अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे त्या दोन्ही सर्रास एकत्र दिल्या जातात. हृदय कमजोर असेल किंवा इतर औषधं चालू असतील, तर आधी सांगा. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशीही भारतात पसरली आहे. 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे नाव तिला २०२०मध्ये मिळालं. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर पुन्हा गोळ्या आणू नयेत.

टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे, ६० अंशांच्या गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेले. घरात ज्याला ज्याला चट्टा आहे, त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी.

चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब मिळाली असेल तर बिल मागा. त्यावर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख हवी. बिल आणि ट्यूब (रिकामी असली तरी) घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार करा, आणि तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.