सुई तबकडीवर होती, गाणं मात्र दुसरीकडून येत होतं

अटॉमिक फॉरेस्ट या सत्तरच्या दशकातल्या मुंबईच्या रॉक बँडची मूळ तबकडी मिळवायच्या नादात माझे तेवीस हजार चारशे रुपये गेले. साडेअठरा हजार खोट्या रेकॉर्डपायी आणि चार हजार नऊशे ‘पैसे परत करतो ताई’ या शब्दांपायी. ज्याने फसवलं तो अजून त्याच फोटोंवर धंदा करतो आहे, म्हणून झालं ते सगळं बारकाव्यांसकट लिहिते.

या बँडचं नाव मला मामाकडून कळलं. सत्तरच्या दशकात तो फोर्टमध्ये एका बँकेत कारकून होता आणि पगारातले चार पैसे उरले की फुटपाथवरच्या जुन्या रेकॉर्डी घ्यायचा. मुंबईत तेव्हा इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या देशी पोरांची मोठी लाट होती. सिगरेट कंपनीच्या पैशांवर ‘सिमला बीट’ स्पर्धा भरत, शिलाँगपासून मद्रासपर्यंतचे कॉलेजातले बँड त्यात उतरत. १९७१ साली आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला स्नेहयात्रा नावाचा रॉक महोत्सव झाला. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये १९७२ साली लेड झेपेलिन या विलायती रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले. अलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे इंग्रजी रॉक संगीतनाटक मुंबईत केलं तेव्हा मामाने तिकीट काढून ते पाहिलं. जुडास, म्हणजे ख्रिस्ताला दगा देणारा शिष्य, झाला होता नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम भेंड्यांचा मुलगा. आमच्या घरात आत्माराम भेंडे म्हणजे नाटक. त्यांचा मुलगा रॉक गातो याचं आजीला फार नवल वाटायचं. आणि ख्रिस्त झाला होता मधुकर धस, अटॉमिक फॉरेस्टचा गायक. मामा अजूनही त्याच्या आवाजाबद्दल बोलताना खुर्चीत पुढे सरकून बसतो.

या बँडची एकच मोठी तबकडी निघाली, ‘ऑब्सेशन ७७’. नावात ७७ आहे, पण ती बाजारात आली १९८१ साली आणि तोवर बँड मोडला होता. ज्यांच्यासाठी लोक रात्री जागवत होते ते वादक पांगल्यावर त्यांची रेकॉर्ड दुकानात येते, याचं मला वाचताना फार वाईट वाटलं होतं. त्या वर्षी सगळा देश नाझिया हसनच्या गाण्यांवर डोलत होता. कर्कश गिटारची ही रेकॉर्ड कोण विचारणार? ती बंद झाली, विसरली गेली. मग २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन कंपनीने हे संगीत पुन्हा काढलं आणि परदेशातल्या संग्राहकांनी मूळ प्रतींच्या किमती आभाळाला नेल्या.

मामाकडे मूळ प्रत होती. २६ जुलै २००५ ला कालिन्यातल्या त्याच्या तळमजल्यावरच्या घरात कंबरभर पाणी शिरलं. कव्हरांचा लगदा झाला, तबकड्यांवर चिखल बसला, आणि मामीने सगळं पोत्यात भरून टाकून दिलं. त्याच्या पंच्याहत्तरीला तीच रेकॉर्ड त्याच्या हातात द्यायची असं मी ठरवलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पालथी-उताणी शोधाशोध केली, चोरबाजारात मटण स्ट्रीटला दोन फेऱ्या झाल्या. एका जुन्या दुकानदाराने सरळ सांगितलं, “बाई, तीस वर्षांत दोनदा पाहिली. आता कुणी दाखवली तर आधी तबकडी बघा, मग कव्हर.” हे वाक्य मी ऐकलं आणि विसरले.

रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी विचारणा टाकली. टाकताना मामाची, पुराची, पंच्याहत्तरीची सगळी हकिगत लिहिली. ही माझी पहिली चूक. मला ती वस्तू किती हवी आहे आणि कोणत्या तारखेच्या आत हवी आहे, हे मीच सांगून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी एकाचा निरोप आला. वडिलांचा संग्रह विकतोय म्हणाला. फोटो पाच होते: पुढचं कव्हर, मागचं कव्हर, दोन्ही बाजूंची लेबलं आणि उजेडात तिरकी धरलेली तबकडी. किंमत आधी पंचवीस हजार. मी थांबले तर म्हणाला, “ताई, मामांसाठी घेताय म्हणून साडेअठराला देतो. डीलरला दिली तर तीस येतील, पण ती बाहेर जाईल. घरात राहू दे.” मला हे ऐकून त्याच्याबद्दल आदर वाटला.

मी अगदीच डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत. वाजवून दाखवा म्हटलं. त्याने लगेच व्हिडिओ पाठवला. तबकडी फिरते आहे, सुई टेकली आहे, आणि स्वच्छ आवाजात अटॉमिक फॉरेस्ट. मी तो मामीला ऐकवला, मामापासून लपवून. त्याच दुपारी निम्मे पैसे यूपीआयने गेले आणि कुरिअरची पावती आल्यावर उरलेले निम्मे.

तो व्हिडिओ नंतर मी कितीतरी वेळा पाहिला आहे. त्यात काय काय दिसत होतं ते सांगते, कारण ही युक्ती फार चालते आहे असं मला आता इतर संग्राहकांकडून कळलं आहे. सुई तबकडीच्या कडेला टेकते तेव्हा गाणं सुरू व्हायच्या आधी रिकाम्या खाचेचा खरखराट येतो, नवीकोरी रेकॉर्ड असली तरी थोडा येतोच. इथे सुई टेकण्याचा ‘टप्’ आवाजसुद्धा नव्हता. चाळीस वर्षांच्या रेकॉर्डवर जरासाही चटचट आवाज ऐकू येत नव्हता. गाण्यांच्या मधल्या जागा तबकडीवर चकचकीत पट्ट्यांसारख्या दिसतात. त्या मोजल्या तर कव्हरवर छापलेल्या गाण्यांशी जुळत नव्हत्या. आणि जे गाणं ऐकू येत होतं ते त्या बाजूला पुढे कुठेतरी आहे, सुई मात्र पहिल्याच गाण्यावर होती. बाजूला फोनवर नव्या आवृत्तीतलं गाणं लावून खाली भलतीच तबकडी फिरवली होती.

पार्सल आलं ते उत्तम बांधलेलं होतं. कव्हर हातात घेताच जरा जाड वाटलं. वास जुन्या पुठ्ठ्याचा नव्हता, चहाच्या पाण्याचा होता; कडा पिवळ्या करण्यासाठी तो लावला असावा. मागच्या बाजूची बारीक अक्षरं मी शिवणाच्या पेटीतल्या भिंगाखाली धरली. छापखान्यात मूळ छपाईत काळी अक्षरं सलग काळ्या शाईची असतात. छापील कव्हर स्कॅन करून पुन्हा छापलं की तीच अक्षरं निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांची होतात आणि कडा पिसल्यासारख्या दिसतात. इथे सगळे ठिपकेच होते.

मग तबकडी. रेकॉर्ड दाबताना लेबल गरम प्लॅस्टिकबरोबर साच्यातच दाबलं जातं. त्याला डिंक लागत नाही आणि नखाने त्याची कड उचलत नाही. या लेबलाची कड उचलली. ओल्या कापसाने हळूहळू सोडवलं तर खालून दुसऱ्याच रेकॉर्डचं लाल लेबल निघालं: हिंदी सिनेगीतांच्या सुरावटी, इलेक्ट्रिक गिटारवर. रद्दीत किलोने मिळणारी गोष्ट. गाणी संपतात तिथपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत कड्यात एक क्रमांक कोरलेला असतो. तो तबकडीचा जन्मदाखला. लेबल बदलता येतं, कव्हर छापता येतं, पण तो क्रमांक साच्यातूनच उमटलेला असतो. मला मिळालेल्या तबकडीवरचा क्रमांक त्या गिटारच्या रेकॉर्डचाच होता. चोरबाजारातल्या दुकानदाराने ‘आधी तबकडी बघा’ म्हटलं ते यासाठी. त्या पाच फोटोंत या कड्याचा जवळून काढलेला एकही फोटो नव्हता आणि मी मागितलाही नव्हता.

पैसे परत मागितल्यावर तो चिडला नाही, वाद घातला नाही. “अरेरे ताई, पार्सलं बदलली वाटतं. तुमचे पैसे आत्ता परत करतो.” म्हणाला, रक्कम मोठी असल्यामुळे दोन हप्त्यांत येईल, आधी चार हजार नऊशे. एक क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून पिन टाका की पैसे जमा होतील. मी संतापलेली होते, पंच्याहत्तरी चार दिवसांवर होती, आणि हा माणूस गयावया करत होता. मी पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे मी माझ्या सासूबाईंना स्वतः समजावून सांगितलेलं आहे. मिनिटाभरात त्याने मला ब्लॉक केलं.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर मला ठाऊक होता, तरी मी तो सहा तासांनी फिरवला. ते सहा तास मी त्याला वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करण्यात घालवले. तक्रार जितकी लवकर जाते तितकी पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता असते. माझे तोवर तिथून पुढे गेले होते. सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, चौकीवर जाऊन प्रत दिली. बँकेने सांगितलं की पिन मी स्वतः टाकल्यामुळे हा व्यवहार माझ्या संमतीचा धरला जातो. यूपीआयच्या व्यवहारांचे क्रमांक, चॅट, कुरिअरची पावती आणि पार्सलच्या वेष्टनावर चिकटलेलं लेबल मी जपून ठेवलं आहे. पोलिसांनी नेमकं तेच मागितलं. चिडून चॅट पुसून टाकलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं.

आता कुणाकडून मागवायची वेळ आली तर मी एका चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख आणि माझं नाव लिहून ती चिठ्ठी त्या कोरलेल्या क्रमांकाशेजारी ठेवून फोटो मागते. तोही आधीच काढलेला नको, व्हिडिओ कॉल चालू असताना. सुई टेकण्यापासून पहिलं गाणं संपेपर्यंत कॅमेरा हलू द्यायचा नाही, आणि मध्येच सुई उचलायला सांगायची. गाणं त्याच क्षणी थांबलं पाहिजे. खऱ्या विक्रेत्यांना याचा राग येत नाही. बेळगावच्या एका वयस्कर गृहस्थांनी तर न मागता कड्याचे दोन फोटो पाठवले आणि कुठे चरा आहे तेही दाखवलं.

मामाला पंच्याहत्तरीला मी २०११ ची आवृत्ती दिली. त्याने ती उलटीपालटी केली, चष्मा लावून वादकांची नावं वाचली आणि मग एकही शब्द न बोलता पूर्ण बाजू ऐकली. फसवणुकीचं मी त्याला महिन्याभराने सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मला गाणं हवं होतं, कव्हर नको होतं. एवढे पैसे कशाला घातलेस?” मला रडू आलं.

ते पाच फोटो आधी कुठे आले होते याचा इंटरनेटवर उलटा शोध घेतल्यावर कळलं की ते परदेशातल्या एका संग्राहकाने काही वर्षांपूर्वी विकलेल्या प्रतीचे आहेत. गेल्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर, दुसऱ्या नावाने, पुन्हा तेच फोटो आले, या वेळी बावीस हजारांना. ओळखायची खूण अशी: मागच्या कव्हरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तपकिरी चिकटपट्टीचा त्रिकोणी तुकडा आहे आणि त्याच्या वर निळ्या शाईत पुसट इंग्रजी आर अक्षर. तबकडीच्या फोटोत खिडकीच्या गजांची सावली पडली आहे. हे फोटो कुणाला आले तर पैसे पाठवू नका. चॅट न पुसता १९३० ला कळवा.