ऑफिसच्या फायरवॉलला सहा शब्दांची पासफ्रेज: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस छोटंसं आहे. इंटरनेटच्या तोंडाशी एका लहान डब्यावर (छोट्या कॉम्प्युटरवर) ओपीएनसेन्स ही फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी वाहतूक तपासून नको ती अडवणारी प्रणाली, बसवली आहे. पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉलमधून फुटून निघालेली आणि २०१५ साली पहिल्यांदा बाहेर आलेली ही फायरवॉल फुकट मिळते. तिचा मूळचा, सगळे अधिकार असलेला युजर 'रूट' आणि पासवर्ड 'ओपीएनसेन्स' सगळ्या जगाला ठाऊक आहे, त्यामुळे तो बदलणं भागच होतं.

पासफ्रेज, म्हणजे अनेक शब्दांचा लांब पासवर्ड, ठेवायला आम्ही डाइसवेअर पद्धत घेतली. दर शब्दासाठी पाच वेळा फासा टाकायचा आणि आलेल्या आकड्यांसमोरचा शब्द यादीतून उचलायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, म्हणजे सहा शब्दांत साधारण ७७ बिटांची ताकद येते, म्हणजे अंदाज बांधणाऱ्यासमोर दोनाच्या ७७व्या घाताइतक्या शक्यता. आरतीची ओळ ठेवू, असं सरांचं म्हणणं होतं. पण सगळ्यांना पाठ असलेली ओळ अंदाज बांधणाऱ्यालाही पाठच असणार!

मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचं ठरवलं तर वेगळीच गंमत झाली. 'पाऊस' कुणी एका 'ए'नं लिहितो, कुणी दोन. शेवटी तयार इंग्रजी यादीच घेतली. देवनागरीचा नाद तर सोडाच. डब्याला थेट कीबोर्ड लावल्यावर ती टाइप होत नाही. शिवाय पासवर्ड उलट न वाचता येणाऱ्या रूपात (हॅश) साठवणारी बीक्रिप्ट पद्धत पहिले ७२ बाइटच बघते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं.

रोजच्या वापरात त्रास म्हणाल तर आठवडाभर बोटं अडखळली, नंतर सवय झाली. दर महिन्याला बदलायचा सोस केला नाही. फुटल्याची शंका असेल तरच बदला, हेच अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेनं २०१७ मध्ये सांगितलं आहे. खरी कटकट ओटीपीची, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या एकदाच वापरायच्या कोडची, आहे. सहा आकडे आणि पासफ्रेज एकाच रकान्यात, तेही आकडे आधी. डब्याचं घड्याळ मागेपुढे झालं की लॉगिन होतच नाही. तरी ओटीपी काढणार नाही.

पासफ्रेजच्या भरवशावर बाकीचं मोकळं सोडणं मात्र मला पटत नाही. डबा हाताशी असेल तर रीबूट करून सिंगल युजर मोडमधून (दुरुस्तीसाठीच्या खास अवस्थेतून) पासवर्ड नवा करता येतो, म्हणून तो कुलपाच्या कपाटात ठेवलाय. सेटिंगच्या बॅकअप फाइलमध्ये हॅश असतात. ती एन्क्रिप्ट करूनच उतरवतो, वेगळ्या पासफ्रेजनं. व्यवस्थापनाचं पान बाहेरून उघडत नाही.

दोघं जण सांभाळत असाल तर 'रूट' वाटून घेऊ नका, वेगवेगळे युजर काढा. एकानं नोकरी सोडली की फक्त त्याचा युजर बंद करायचा.