डोळ्यांखालची काळी वर्तुळं: नुसता कन्सीलर की आधी नारिंगी करेक्टर?

गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर नुसता कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) लावला की डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं. मग आपण आणखी एक थर चढवतो आणि दुपारपर्यंत त्याला भेगा पडतात. दोष हाताचा नसतो. आपली वर्तुळं निळसर-तपकिरी असतात, त्यावर फिकट बेज रंग बसला की तो करडाच दिसणार.

करेक्टर म्हणजे कन्सीलरच्या आधी लावायचं रंगीत क्रीम. तो झाकत नाही, खालची रंगाची झाक घालवतो. रंगचक्रात निळ्याच्या समोर नारिंगी येतो, म्हणून निळसर झाक नारिंगीने मावळते. (लाल पुरळावर हिरवा लावतात तो याच हिशेबाने.) गोऱ्या त्वचेला पीच पुरतो, सावळ्या रंगाला खरा नारिंगीच हवा. तांदळाच्या दाण्याएवढा घ्यायचा, फक्त काळ्या भागावर, अनामिकेने थोपटायचा. घासला की संपलं! मिनिटभर थांबून वर त्वचेच्याच छटेचा कन्सीलर, अगदी पातळ. करेक्टर जास्त झाला तर मात्र नारिंगी वरून डोकावतो, आणि ते राखेपेक्षा वाईट दिसतं.

नुसत्या कन्सीलरला वेळ कमी लागतो, खर्चही एकाच डबीचा. वर्तुळं हलकी असतील तर तेवढं पुरे. माझी गडद आहेत, त्यामुळे लग्नकार्याला मी करेक्टर लावतेच. ऑफिसला जाताना दोन्ही नाही, फक्त काजळ.

डोळ्यांखाली खळगा असेल तर ती सावली असते. तिथे दोन्ही डब्या सारख्याच निरुपयोगी.