पॉईंट टू टू: रिव्हॉल्वर की पिस्तूल?
टेक्सासला रेंजवर दोन्ही चालवून बघितली, रूगर या अमेरिकन बंदूक कंपनीचं सिंगल सिक्स रिव्हॉल्वर आणि त्यांचंच मार्क फोर पिस्तूल, गोळी तीच पॉईंट टू टू लाँग रायफल (रायफल नव्हे, ०.२२ इंची छोट्या गोळीचंच नाव), धक्का नावालाच. रिव्हॉल्वरची मजा वेगळीच राव, दरवेळी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा मग चाप, त्यामुळे गोळ्या उगाच उडत नाहीत. ही रिमफायर गोळी (पुंगळीच्या कडेवर ठोका बसून उडणारी) कधीमधी फुसकी निघतेच, तेव्हा नळी समोरच ठेवून तीसेक सेकंद थांबायचं (हे दोन्हीकडे!), मग घोडा परत ओढला की पुढची हजर, पिस्तुलात बोल्ट (मागचा सरकता भाग) ओढून काढत बसा. पण सहा संपल्या की एकेक पुंगळी दांडीने ढकला, एकेक भरा, बोटं काळीकुट्ट. मार्क फोरचं दहाचं मॅगझिन खटकन बदलतं. तरी डबे पाडायला मी रिव्हॉल्वरच नेतो.