कापडी कॅम्परवरून १७ फुटी फायबरग्लास ट्रेलरवर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा जुना पॉप-अप कॅम्पर २००४ सालचा होता आणि तो आम्ही वापरलेलाच विकत घेतला होता. हँडल फिरवून छत वर उचलायचे, दोन्ही बाजूंच्या खाटा बाहेर ओढायच्या आणि कापडाच्या भिंती ताणून बसवायच्या, हे काम आम्ही सात उन्हाळे आनंदाने केले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ राहून सुट्टीचे दिवस डोंगरात घालवायचे असतील, तर त्याहून स्वस्त साधन मिळणे कठीण आहे. तरीही तीन कारणांनी तो बदलावा लागला. कापड ओले असताना मिटले की बुरशी धरते, म्हणून पावसातून परतल्यावर सोमवारी संध्याकाळी तो घरासमोर पुन्हा उघडून वाळवत बसावे लागे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज या मुक्कामाच्या जागी अस्वलांमुळे केवळ टणक भिंतींच्या वाहनांनाच मुक्काम करता येतो; तंबू आणि कापडी कॅम्पर तेथे चालत नाहीत. आणि नाशिकहून उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या सासूबाईंना गुडघेदुखीमुळे त्या उंच खाटेवर चढणे जमेनासे झाले. शेवटचे कारण माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचे होते.

गाडी बदलायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. आमची टोयोटा हायलँडर व्ही-६ इंजिनाची असून ती ५,००० पौंड ओढू शकते. विक्रेत्यांकडे गेल्यावर हा आकडा सांगितला की ते लगेच २२ फुटी, ‘लाइट’ असे नाव लावलेले ट्रेलर दाखवत. त्यांचे कोरे वजन ३,९०० पौंडांच्या आसपास असे आणि वरकरणी अकराशे पौंडांची सवड दिसे. ही सवड खरी नसते, आणि ट्रेलर निवडणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब स्वतः मांडावा, असे मला मनापासून वाटते. माहितीपत्रकातील कोऱ्या वजनात पाणी, बॅटरी, गॅस, भांडी, अंथरुणे यांपैकी सहसा काहीही धरलेले नसते. बऱ्याचदा एसी आणि दाराबाहेर उलगडायचे कापडी छप्परही त्यात नसते. पाण्याचे वजन गॅलनला सुमारे ८.३ पौंड असते, म्हणजे २० गॅलनची टाकी भरली की तेथेच १६७ पौंड वाढतात. भरलेला २० पौंडी गॅस सिलिंडर स्वतःच्या लोखंडासह ३७ पौंडांच्या घरात जातो. असे करत सातशे पौंड वाढले, की २२ फुटी ट्रेलर ४,६०० वर पोहोचतो. ट्रेलर रस्त्यावर डुलू नये म्हणून त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडण्याच्या सांध्याच्या, गोळ्यावर पडावा लागतो. यालाच येथे टंग वेट म्हणतात. १२ टक्क्यांनी तो ५५२ पौंड झाला असता आणि आमच्या गाडीची मर्यादा ५०० आहे.

दुसरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो. माणसे आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते तेथे लिहिलेले असते आणि टंग वेटही त्यातूनच वजा होते. आमच्या पट्टीवर १,३२५ पौंड आहेत. ओढण्याची क्षमता सर्वजण विचारतात, पण कुटुंब चार माणसांचे असेल तर ही मर्यादा बहुधा आधी संपते. त्यात कोलोरॅडोची उंची आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. आय-७० महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, म्हणजे तेथे पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीवरील ताकदीचा जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो.

हे सर्व कागदावर मांडल्यावर आम्ही १७ फुटी, एका ॲक्सलचा फायबरग्लास ट्रेलर घेतला. माहितीपत्रकात त्याचे वजन २,८५० पौंड होते आणि भरून कमाल ४,००० पौंड चालणार होते. पहिल्याच प्रवासाला निघताना, सर्व सामान आणि पाणी भरून, आम्ही ट्रक स्टॉपवरील वजनकाट्यावर गेलो. आधी जोडलेल्या अवस्थेत वजन केले, मग शेजारच्या आवारात ट्रेलर सोडून केवळ गाडीचे वजन केले. गाडीच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून पडलेल्या वजनात या दोन वेळी जो फरक आला, ते टंग वेट. ते ४३५ पौंड भरले आणि पूर्ण ट्रेलर ३,५६० पौंड भरला. माहितीपत्रकापेक्षा ७१० पौंड अधिक! गाडीत चौघांचे मिळून ५६० पौंड धरले, तरी सामानासाठी ३३० पौंड उरतात. त्या कागदी पावतीची मी घडी घालून ती गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे, आणि नवीन काही बरोबर घ्यायचा विषय निघाला की ती बाहेर निघते.

फायबरग्लास निवडण्यामागे वजनाइतकेच दुसरेही कारण होते. कॅनडातील विनिपेग येथे १९६८ मध्ये ‘बोलर’ हा १३ फुटी ट्रेलर बनू लागला आणि याच घडणीचे ट्रेलर आज मिनेसोटातील बॅकस येथे ‘स्कॅम्प’ या नावाने बनतात. साच्यात घडवलेले मोठे भाग जोडून संपूर्ण कवच तयार होते. छत आणि भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यात सांधा राहत नाही. लाकडी सांगाड्यावर पत्रा किंवा पातळ थर चिकटवलेल्या ट्रेलरमध्ये पाणी याच कोपऱ्यांतून शिरते आणि आतले प्लाय कुजल्यावरच बाहेर कळते. कवचाच्या ट्रेलरमध्ये पाणी शिरलेच तर ते खिडकी, पंखा, दिवा यांसाठी कापलेल्या भोकांतून आणि स्क्रू-रिव्हेटच्या छिद्रांतून. म्हणून चाळीस वर्षांचे जुने ट्रेलरही वापरात दिसतात आणि त्यांना किंमत मिळते.

आमच्या ट्रेलरलाही पाणी लागलेच. ऑगस्टमध्ये रिजवे स्टेट पार्कमध्ये असताना दुपारच्या पावसाळी सरीने चांगला तासभर झोडपले, आणि छतावरील पंख्याच्या चौकटीतून सासूबाईंच्या उशीवर थेंब पडू लागले. त्यांनी न बोलता उशी उचलली आणि तेथे पातेले ठेवले. कोरड्या हवेत आतील चौकट काढून पाहिली, तर चौदापैकी दोन स्क्रूंभोवती सीलंटचा लवलेशही नव्हता आणि खालची ब्युटिल पट्टी (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) एका कोपऱ्यात आत सरकून राहिली होती. विक्रेत्याने दुरुस्तीसाठी पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली. नव्या वस्तूच्या बाबतीत हे उत्तर मला मान्य नव्हते, म्हणून आम्ही छायाचित्रे काढून तक्रार नोंदवली आणि दुरुस्ती स्वतःच केली: सर्व स्क्रू काढले, जुनी पट्टी खरवडली, नवी पट्टी सलग बसवली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सीलंट भरले. त्यानंतर एकही थेंब आलेला नाही. नवा ट्रेलर घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात छतावर पाइपने पाणी सोडून आत बसून पाहावे. आम्ही ते केले असते तर उशी वाचली असती.

रस्त्यावरील वागणूक उत्तम आहे. एकूण सुमारे ५,४०० मैल झाले. गोलाकार नाकामुळे वारा चांगला कापला जातो, तरी वायोमिंगमधील आडव्या वाऱ्यात मी ताशी ५५ मैलांच्या वर जात नाही. जुन्या कॅम्परसह गॅलनला १६ मैल मिळत, आता साडेबारा मिळतात. उभ्या भिंतींची ही किंमत मोजावीच लागते. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणारा ब्रेक कंट्रोलर नीट लावून घेतल्यावर बोगद्यावरून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना, खालच्या गिअरमध्ये, गाडी पूर्णपणे ताब्यात राहते.

स्वयंपाकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत हा प्रश्न वेगळा असतो. म्युलर स्टेट पार्क साडेनऊ हजार फुटांवर आहे आणि तेथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला फारच वेळ लागतो, म्हणून तीन लिटरचा कुकर आमच्या सामानात कायमचा आहे. पण कुकरची वाफ आणि जळत्या गॅसमधून निघणारा ओलावा एवढ्या लहान जागेत कोठे जाणार? पहिल्या थंड मुक्कामात सकाळी काचांवरून पाणी ओघळत होते आणि गाद्यांची खालची बाजू ओलसर लागली. आता स्वयंपाक चालू असताना पंखा बाहेर वारा फेकत असतो, रात्री एक खिडकी बोटभर उघडी राहते आणि गादीखाली लाकडी फळ्यांची जाळी घातली आहे. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवरच होते, कारण आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो.

बॅटरी ही या ट्रेलरची सर्वांत कमकुवत बाजू ठरली. बरोबर आलेली ७५ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरता येते. मे महिन्यात दुसऱ्या थंड रात्री पहाटे चारच्या सुमारास हीटरचा पंखा मंदावला, थांबला, आणि आम्ही उरलेली रात्र सर्व पांघरुणे एकत्र करून काढली. आता १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली आहे. ती बरीच हलकी आहे आणि जवळपास पूर्ण वापरता येते. मात्र तिच्यासाठी चार्जरही बदलावा लागला. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, म्हणून ती बाहेरच्या खोक्यातून काढून आसनाखाली ठेवली आहे.

जागा कमी आहे, हे स्पष्टच सांगते. मागच्या कायमच्या पलंगावर सासूबाई आणि मुलगी झोपतात. आम्हा दोघांसाठी रोज रात्री टेबल उतरवून खाट करावी लागते आणि सकाळी सर्वांचा चहा होण्यापूर्वी ती मोडावी लागते. चौघांनी चार रात्रींपेक्षा अधिक राहणे मी सुचवणार नाही. दोघांना मात्र हा ट्रेलर महिनाभरही पुरेल. सासूबाईंना एका पायरीने आत येता येते आणि रात्री बाहेर न जाता शौचालय मिळते. फिशिंग ब्रिजच्या मुक्कामात त्या पहिल्यांदाच प्रत्येक रात्री शांत झोपल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाक्या आणि नळ रिकामे करून, गिझरकडे जाणारी वाट बंद करून, नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत नळ्या फुटू न देणारे द्रव) सोडले. या कामाला दीड तास लागला. मे महिन्यासाठी ग्रेट सँड ड्यून्सची नोंदणी झाली आहे. तेथील जागांना वीज-पाण्याची जोडणी नसते, त्यामुळे हिवाळ्यात छतावर सौर पॅनेल बसवण्याचे काम आहे, आणि यावेळी प्रत्येक स्क्रूच्या छिद्रात सीलंट मी स्वतः भरणार आहे.