ईमॅक्समधलं ईझीपीजी: फायलींसाठी झकास, मेलला जपून

ईझीपीजी म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधून फायली आणि मेल एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायची सोय. त्यासाठी वेगळं काही टाकायला नको. 2009 च्या ईमॅक्स 23 पासून ईझीपीजी आतच आहे. मशीनवर ग्नूपीजी, म्हणजे प्रत्यक्ष एन्क्रिप्शन करणारा प्रोग्राम, मात्र हवं. फाइलच्या नावाशेवटी ‘.जीपीजी’ लावून सेव्ह करा, काम फत्ते. ऑटोसेव्ह अशा फायलींना आपोआप बंद राहतं, हे उत्तम. नाहीतर उघडा मजकूर डिस्कवर सांडला असता.

खरी मेख पहिल्या सेव्हला आहे. फाइल कोणाच्या किल्लीने बंद करायची, ती ‘कोणासाठी’ची यादी येते, कुणावरच खूण न करता ओके दाबलं, तर फाइल तुमच्या किल्लीऐवजी नुसत्या पासफ्रेजने (लांब पासवर्डने) बंद होते. फाइलच्या पहिल्या ओळीत ‘ईपीए-फाइल-एन्क्रिप्ट-टू’ या सेटिंगसमोर आपला ईमेल लिहून ठेवला की यादीच येत नाही. टर्मिनलमध्ये पासफ्रेज विचारताना स्क्रीन विस्कटत असेल, तर ‘ईपीजी-पिनएंट्री-मोड’ या सेटिंगला ‘लूपबॅक’ द्या, म्हणजे ईमॅक्स स्वतःच तो विचारेल. ग्नूपीजी 2.4.1 वर सेव्ह करताना ईमॅक्स चक्क गोठतो. तिथे ग्नूपीजीच अपडेट करा.

मेल लिहिताना कंट्रोल-सी, एंटर. पुढे सहीसाठी एस-पी, एन्क्रिप्शनसाठी सी-पी. विषयाची ओळ उघडीच जाते, तेव्हा तिथे गुपित नको. आणि ‘एन्क्रिप्ट-टू-सेल्फ’ (मेल स्वतःच्या किल्लीनेही बंद करणं) चालू नसेल, तर पाठवलेला मेल नंतर तुम्हालाच वाचता येत नाही! ही सोय मुळात बंद का ठेवली, देव जाणे.