ओल्या हाडांसाठी बांबूच्या कामट्यांचा संच: एक पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

किनाऱ्यावरची प्रागैतिहासिक दफनं उघडणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कोरड्या, टणक मातीत खणणाऱ्यांचं याच्यावाचून फारसं अडणार नाही.

संचात सहा हत्यारं आहेत: दोन चपटी, दोन टोकदार, एक वाकडं आणि एक चमच्यासारखं पोकळ. हंगामभर वाळूत आणि शिंपल्यांच्या ढिगात मी ती वापरली.

शिंपल्यांतल्या चुन्याने मातीतलं आम्ल मरतं, म्हणून अशा ढिगांत हाडं हजारो वर्षं राहतात. राहतात, पण टणक राहत नाहीत. ओलं असताना हाडाचा वरचा थर इतका मऊ असतो की नख लागलं तरी ओरखडा उठतो. स्टीलच्या थापीने उठलेला ओरखडा प्रयोगशाळेत जीव खातो: ही खूण माणूस जिवंत असतानाची, की आपल्या हाताची? फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या तेव्हियेक बेटावर पेकार या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने १९२८ ते १९३० या काळात कबरी उघडल्या, त्यांतल्या एका माणसाच्या मणक्यात गारेचं टोक रुतलेलं निघालं. अशा हाडावर आपली एकही रेघ उमटता कामा नये. चपट्या कामट्यांनी मी दोन सांगाडे मोकळे केले. भिंगाखाली पाहिलं, आमची एकही खूण सापडली नाही. याच कारणासाठी मी हा संच घेतला होता.

पोकळ चमचा मला सगळ्यांत आवडला. बरगड्यांच्या आतली आणि पोटाजवळची माती त्याने न सांडता उचलता येते. ही माती वेगळी ठेवून बारीक चाळणीतून धुवायलाच हवी. स्वीडनमधल्या स्केटहोल्मला काही सांगाड्यांच्या पोटाच्या जागी माशांचे काटे मिळाले होते, ते असल्याच मातीत असतात. डेन्मार्कमध्ये वेडबेकच्या बोगेबाकनला १९७५ साली एका तरुण स्त्रीशेजारी नवजात बाळ हंसाच्या पंखावर ठेवलेलं सापडलं. पंखाची ती बारीक हाडं जपून उघडणाऱ्या हातांचा मी नेहमी विचार करते.

आता तक्रार. हत्यारांवर चकचकीत वार्निश आहे. खाऱ्या ओलीत चौथ्या दिवशी त्याच्या खपल्या सुटून हाडाभोवतीच्या मातीत पडल्या. डीएनए आणि कार्बन कालमापनाचे नमुने तिथूनच घ्यायचे होते, म्हणून मी फार अस्वस्थ झाले. काम थांबवून सगळी हत्यारं काचकागदाने घासली. तुम्ही हे पहिल्या दिवसाआधीच करा. टोकं भिजून पिंजारतात, रोज संध्याकाळी तासावी लागतात. एक टोकदार कामटी पेरापाशी चिरली. वाकड्याला कामच मिळालं नाही.

बांबूने काम सावकाश होतं. किनाऱ्यावर ही सावकाशी महागात पडू शकते, कारण उघडं हाड भराभर वाळलं की आतल्या मिठाचे स्फटिक होतात आणि ते हाड फोडतात. एका कवटीला मला तीन दिवस लागले. तेवढा वेळ वर सावली आणि ओलं फडकं हवंच. हाड फारच भुसभुशीत असेल तर कामटीही नको. केनियाच्या किनारपट्टीतल्या ‘पांगा-या-सईदी’ गुहेतल्या सुमारे ७८,००० वर्षांपूर्वीच्या लहान मुलाचे अवशेष मातीसकट प्लास्टरमध्ये उचलून प्रयोगशाळेत नेले होते, ते उगाच नाही.

पुढच्या हंगामासाठी चपट्या कामट्या आणि चमचा पुन्हा मागवते आहे. सुटी आणि बिनवार्निशची द्या, असं बनवणाऱ्यांना कळवलं आहे.